माल्थस यांचा हिशेब

थॉमस माल्थस यांचा जन्म १७६६ साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजला गणित शिकून ते धर्मोपदेशक झाले. १७९८ साली त्यांनी निनावी पुस्तकात मांडले की लोकसंख्या गुणाकाराने वाढते, अन्न मात्र बेरजेने. गरिबांना कायद्याने मिळणारी मदत हळूहळू बंद करावी, असेही त्यांचे मत होते. १८०५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात ते प्राध्यापक झाले. हिंदुस्थानात येणारे अधिकारी त्यांच्या हाताखाली शिकले. १८३४ साली ते वारले, तेव्हा जगाची लोकसंख्या शंभर कोटींच्या थोडी वर होती. २०२२ साली ती आठशे कोटी झाली. पण शेती सुधारली आणि अन्न त्याहून वेगाने वाढले. मुली शिकल्या तसा जन्मदर उतरला. गरिबाला ओझे मानणारा हिशेब चुकला, हे विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून सांगतो.