हिमगिरींचे छायाचित्रकार : व्हित्तोरियो सेला

इटलीच्या उत्तर भागात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, बियेल्ला नावाचे एक शहर आहे. लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांसाठी ते फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. एका बाजूस गिरण्यांची धुराडी आणि दुसऱ्या बाजूस डोंगरांची रांग, असे त्याचे रूप. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील मुलांना हे दृश्य परके वाटणार नाही. कारखान्यांच्या या वस्तीतूनही मलंगगडाचे व चंदेरीचे कडे नित्य दृष्टीस पडतात. भेद एवढाच, की बियेल्लाच्या मागचे डोंगर हिवाळ्यात बर्फाने झाकून जातात आणि त्यांच्या पलीकडे, ज्यांवरील बर्फ बाराही महिने वितळत नाही, अशी उत्तुंग शिखरे उभी आहेत. या शहरात २८ ऑगस्ट १८५९ रोजी व्हित्तोरियो सेला यांचा जन्म झाला.

सेला घराण्याची लोकरीची गिरणी होती. वडील ज्युझेप्पे वेनान्झियो हे रसायनशास्त्राचे मोठे जाणकार. छायाचित्रणाची कला तेव्हा नुकतीच जन्मास आली होती. तिच्यावर त्यांनी १८५६ साली एक ग्रंथ लिहिला. इटालियन भाषेतील या विषयाच्या आद्य ग्रंथांत त्याची गणना होते. चुलते क्विन्तिनो सेला हे इटलीचे अर्थमंत्री झाले. राज्यकारभाराच्या व्यापातूनही त्यांनी गिर्यारोहणाची आवड जोपासली आणि १८६३ मध्ये इटलीतील गिर्यारोहकांची संस्था स्थापन केली. व्हित्तोरियो सतरा वर्षांचे होतात न होतात तोच वडील निवर्तले. वडिलांकडून रसायनांची विद्या आणि चुलत्यांकडून पर्वतांची ओढ, हा दुहेरी वारसा मात्र या तरुणापाशी राहिला.

वीस वर्षांचे असताना, १८७९ साली, सेला यांनी बियेल्लाजवळच्या माँटे मार्स या डोंगरावर चढून सभोवतालच्या शिखरांचा विस्तीर्ण देखावा टिपण्याचे ठरवले. असा देखावा एका काचेवर मावत नाही. कॅमेरा थोडा थोडा वळवून अनेक काचांवर तो तुकड्यातुकड्यांनी घ्यावा लागतो आणि मागाहून ते तुकडे शेजारी शेजारी जुळवावे लागतात. त्या काळची रीत आजच्या मुलांना अद्भुतच वाटेल. स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी, म्हणजे दहापंधरा मिनिटांच्या आत, पुन्हा अंधारात नेऊन रसायनांनी धुवायची. काच वाळली की सारे श्रम वाया! त्यामुळे छायाचित्रकाराला डोंगरमाथ्यावर केवळ कॅमेरा नेऊन भागत नसे. रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधारखोलीचे काम देणारा तंबू, एवढा सगळा पसारा वर न्यावा लागे. हे दिव्य सेला यांनी केले. परंतु या रीतीने आणखी उंच जाता येणार नाही, हेही त्यांनी ओळखले.

सुदैवाने त्याच सुमारास नवी कोरडी काच प्रचारात येत होती. जिलेटिनमध्ये चांदीचा क्षार मिसळून त्याचा थर काचेवर आधीच वाळवून ठेवलेला असे. ही काच महिनोन् महिने टिके, आणि डोंगरावर चित्र घेऊन घरी परतल्यावर ती सावकाश धुता येई. सेला यांनी लगेच या काचेचा स्वीकार केला. १८८२ मध्ये त्यांनी लंडनच्या डॅलमायर या कारागिरांचा एक मोठा कॅमेरा मिळवला. तो ३० × ४० सेंटिमीटर मापाच्या काचांवर चित्र घेई. कॅमेऱ्याचे वजन सुमारे १८ किलोग्रॅम आणि प्रत्येक काचेचे जवळजवळ १ किलोग्रॅम! डझनभर काचा घेतल्या की ओझे तीस किलोग्रॅमांवर जाई. हे ओझे नीट वाहता यावे म्हणून पाठीवरच्या पिशव्या आणि जनावरांची खोगिरे यांतही त्यांनी सुधारणा केल्या.

याच वर्षी मार्च महिन्यात त्यांनी झाँ-आंत्वान कारेल या नामांकित वाटाड्यासह मॅटरहॉर्न हे शिखर इटलीच्या बाजूने चढून स्वित्झर्लंडच्या बाजूने उतरून पार केले. ऐन थंडीत ते शिखर याआधी कोणी सर केले नव्हते.

एवढा मोठा कॅमेरा हवा तरी कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर छपाईत आहे. काचेवर उमटलेले चित्र उलटे असते. उजळ भाग काळे व काळे भाग पारदर्शक. ती काच कागदाला भिडवून उजेडात धरली म्हणजे कागदावर सुलटे चित्र उमटते, आणि ते काचेच्याच मापाचे असते. चित्र मोठे करण्याच्या खटपटीत बारकावे पुसट होण्याचे भय त्यात नाही. कड्यावरची चीर, हिमनदीतली भेग, उतारावर लोंबणारे बर्फाचे थर हे सारे सेला यांच्या छापांत सुईने कोरल्यासारखे दिसते.

परंतु खरी परीक्षा होती ती बर्फाच्या पांढरेपणाची. बर्फ पांढरा, त्यावरचे ढग पांढरे. आकाश निळे असले तरी त्या वेळच्या काचांना निळा रंग फार लवकर लागे, म्हणून छापात आकाशही पांढरेच उतरे. पांढऱ्यावर पांढरे काढायचे, तर डोंगर दिसावा कसा? शिवाय बर्फाशेजारचा खडक काळाभोर. काच थोडा वेळ उघडी ठेवावी तर खडक नुसता डाग होतो, फार वेळ ठेवावी तर बर्फाचा भाग काचेवर दाट काळा होऊन छापात कोरा कागद उरतो. खडकाला पुरेल इतका उजेड काचेला द्यायचा आणि धुताना मात्र रसायनाचा हात आखडता घ्यायचा, म्हणजे दोन्ही सांभाळले जातात. कागदावर हे सोपे दिसते. उजेड मोजणारी यंत्रे जवळ नसताना केवळ डोळ्यांच्या अंदाजाने ते साधणे ही वर्षानुवर्षांची तपश्चर्या होती.

उजेडाच्या दिशेचेही असेच. अंबरनाथचे प्राचीन शिवालय ज्यांनी भरदुपारी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की डोक्यावरच्या उन्हात त्याच्या भिंतींवरील कोरीव मूर्ती सपाट वाटतात. तेच ऊन सकाळी किंवा सायंकाळी तिरपे पडले, की प्रत्येक मूर्तीमागे सावली उभी राहते आणि दगड जिवंत होतो. बर्फाचेही तसेच आहे. तिरप्या उन्हात त्याच्या लाटा, सुरकुत्या आणि घड्या दिसू लागतात, आणि पांढऱ्या रंगातच करड्या रंगाच्या कितीतरी छटा आहेत हे ध्यानात येते. त्या घटकेसाठी गोठवणाऱ्या थंडीत थांबून राहण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

आल्प्सनंतर सेला यांनी कॉकेशस पर्वतात १८८९, १८९० आणि १८९६ अशा तीन सफरी केल्या. लंडनच्या भूगोल-संस्थेने १८९० मध्ये त्यांचा गौरव केला. १८९७ मध्ये इटलीच्या राजघराण्यातील अब्रुत्सीचे ड्यूक यांच्याबरोबर ते अलास्कातील सेंट एलायस या ५,४८९ मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचले; त्यापूर्वी तेथे मनुष्याचे पाऊल पडले नव्हते. १९०६ मध्ये ते त्याच ड्यूकबरोबर आफ्रिकेतील रुवेंझोरी पर्वतात गेले. तेथे धुके फार. आपल्याकडे श्रावणात मलंगगड जसा क्षणात दिसतो नि क्षणात लपतो, तशीच तेथील शिखरांची तऱ्हा.

या साऱ्यांहून भारतीय वाचकाला जवळची सफर म्हणजे १८९९ ची. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्रज गिर्यारोहक डग्लस फ्रेशफील्ड यांनी दार्जिलिंगहून कांचनगंगेची प्रदक्षिणा करण्यास प्रारंभ केला. सोबत सेला, त्यांचे बंधू एर्मिनियो, भूशास्त्रज्ञ गारवुड आणि भारतीय सर्वेक्षण खात्याचे रिंझिन नामग्याल होते. मंडळी झेमू हिमनदीवर असता महिनाअखेरीस भयंकर वादळ झाले. त्याच पावसात दार्जिलिंगला दरडी कोसळून कित्येक माणसे दगावली. डोंगरावर मात्र त्या पावसाचा बर्फ झाला आणि तंबू, वाटा, खडक सारे गाडून टाकले. शिखर चढण्याची आशा मावळली. फ्रेशफील्ड यांची जी हानी झाली तीच सेला यांच्या कॅमेऱ्याला लाभाची ठरली. आकाश निवळले तेव्हा नव्या बर्फाने मढलेली शिखरे पाहावयास मिळाली. सिनिओल्चू या शिखराचे त्यांनी घेतलेले चित्र विशेष गाजले. त्याच्या उतारांवरील बर्फाच्या पन्हळी एखाद्या पडद्याच्या चुण्यांप्रमाणे दिसतात. पुढे मंडळींनी ६,००० मीटरांहून उंच असलेली जोनसाँग खिंड ओलांडली. काचांच्या पेट्या पाठीवर वाहणारे ओझेकरीही तीच खिंड चालून गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे जगाला माहीत नाहीत. वस्तुतः एका जणाचा पाय घसरता तर महिन्याभराच्या श्रमांचा चुरा झाला असता.

१९०९ च्या एप्रिल महिन्यात सेला पुन्हा भारतात आले. ड्यूकबरोबर मुंबई बंदरात उतरून, रावळपिंडी व श्रीनगर या मार्गाने ते काराकोरमच्या बाल्तोरो हिमनदीवर पोहोचले. जगातील दुसऱ्या क्रमांकाचे शिखर के-टू, उंची ८,६११ मीटर, हे त्यांचे लक्ष्य होते. ड्यूक यांना ते सर करता आले नाही. दुसऱ्या एका शिखरावर ते ७,४९८ मीटरांपर्यंत चढले. तेवढ्या उंचीवर तोवर कोणी गेले नव्हते. सेला यांनी या सफरीत हिमनदीचे आणि शिखरांचे विस्तीर्ण देखावे टिपले. काही चित्रांत अफाट बर्फावर ओझेकऱ्यांची रांग मुंग्यांसारखी दिसते. ती नसती तर तो बर्फ किती विशाल आहे हे पाहणाऱ्याला उमगलेच नसते. १९१२ मध्ये या सफरीचा ग्रंथ नकाशांसह निघाला आणि सेला यांच्या चित्रांमुळे के-टूचे कडे जगाने घरबसल्या पाहिले. १९५४ साली इटलीचेच गिर्यारोहक त्या शिखरावर पोहोचले, ते ज्या कण्यावर ड्यूक यांनी प्रथम प्रयत्न केला होता त्याच कण्याने.

अमेरिकेचे विख्यात छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी सेला यांच्या चित्रांची मनापासून वाखाणणी केली. म्हातारपणीही सेला यांची पर्वतांची ओढ सुटली नव्हती. वयाच्या शहात्तराव्या वर्षी, १९३५ साली, ते मॅटरहॉर्न चढावयास निघाले. बरोबरच्या एका वाटाड्यास इजा झाल्यामुळे त्यांना परतावे लागले. १२ ऑगस्ट १९४३ रोजी, दुसरे महायुद्ध चालू असता, त्यांचे निधन झाले. त्यांनी डोंगरांवरून उतरवून आणलेल्या काचा बियेल्ला येथे त्यांच्या घराण्याच्या संस्थेने जतन करून ठेवल्या आहेत.