कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेल्या करमरकरांच्या मुलीचे नाव तेथील नदीवरून ठेवले गेले. सातव्या वर्षी ती पुण्यास हुजूरपागेत शिकायला आली. इरावती कर्वे यांचे मूळ शिक्षण मानवशास्त्राचे नव्हे. फर्ग्युसनमध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला मानवशास्त्र भेटे ते समाजशास्त्राच्या वर्गात, बाजूचा विषय म्हणून. गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजमध्ये ते शिकून आले होते. त्यांच्याच हाताखाली बाईंनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला.

पुढील शिक्षणासाठी १९२८ मध्ये त्या बर्लिनला निघाल्या. सासरे महर्षी कर्वे यांना हे पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणाचा झेंडा मिरवणाऱ्या घरातही सुनेच्या परदेशगमनाला विरोध व्हावा, हे नमूद करण्याजोगे आहे. पैशाची सोय जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून झाली. हेच मेहता पुढे बडोदे संस्थानचे दिवाण आणि गुजरातचे पहिले मुख्यमंत्री.

बर्लिनमध्ये मार्गदर्शक लाभले ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वावर त्यांची गाढ श्रद्धा, आणि नाझी राजवटीने पुढे त्यांच्या विद्येचा पुरेपूर उपयोग करून घेतला. मानवी कवटीची उजवी व डावी बाजू सारखी नसते. या विषमतेचा वंशाशी संबंध आहे काय, हा प्रबंधाचा विषय. बाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या. संबंध आढळला नाही, आणि गुरूच्या धारणेला न रुचणारा तो निष्कर्ष त्यांनी तसाच मांडला. परक्या देशात, उसनवारीच्या पैशावर शिकणाऱ्या विद्यार्थिनीला हे सोपे गेले नसणार. तरीही मोजपट्टी त्यांनी टाकली नाही. भारतातील जातीजमातींची शरीरमापे त्या अनेक वर्षे घेत राहिल्या. आज त्या कामाकडे अभ्यासक साशंकतेने पाहतात, ते योग्यच आहे.

१९३९ पासून डेक्कन कॉलेज हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. हसमुख सांकळियांबरोबर गुजरातेत लांघणज येथील उत्खननात त्या होत्या. १९५३ च्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात त्यांनी महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या सांध्यावर ठेवले. उत्तरेत भावंडांच्या मुलांचे विवाह निषिद्ध. दक्षिणेत मामा-भाचीचाही विवाह संमत. मराठी मुलखात मामेबहीण चालते, पण अनेक जातींत आतेबहीण नाही. बेळगावकडच्या घरांना हे ग्रंथातून शिकावे लागत नाही.

'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्या घरोघरी पोहोचल्या. त्याच सुमारास जाई निंबकरांसह त्या कोयना धरणाने उठवलेल्या गावकऱ्यांची पाहणी करीत होत्या. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले.