परावर्तित प्रकाशाचा शोधक सैनिक

मुलांनो, भर दुपारी तळ्याकाठी उभे राहिलात, तर पाण्यावरच्या लखलखाटाने तुमचे डोळे दिपतात आणि पाण्यातला मासा दिसत नाही. त्या वेळी डोळ्यांत दोन ठिकाणांहून प्रकाश येत असतो. एक पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला, तर दुसरा पाण्याच्या आतून आलेला. हे दोन प्रकाश वेगळे करता येतील का? त्याची वाट एका फ्रेंच सैनिकाने दाखवली. त्यांचे नाव एतिएन लुई मालूस.

मालूस यांचा जन्म २३ जुलै १७७५ रोजी पॅरिस येथे झाला. गणितात ते फार हुशार होते. लष्करी अभियंत्यांच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला. परंतु ते राज्यक्रांतीचे दिवस होते. केवळ संशयावरून त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. मग ते साधे सैनिक झाले आणि डंकर्क येथे तटबंदीच्या कामावर मजुरी करू लागले. तेथील एका अभियंत्याने या मजुराची बुद्धी हेरली. त्यामुळे १७९४ मध्ये मालूस यांना पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या नव्या विद्यालयात शिकण्याची संधी मिळाली.

१७९८ मध्ये ते नेपोलियनच्या फौजेबरोबर इजिप्तला गेले. पुढच्या वर्षी जाफा शहरात प्लेगची साथ आली. कितीतरी सैनिक दगावले. मालूस यांनाही प्लेगने गाठले. ते वाचले, पण त्यांची प्रकृती कायमची खालावली. तरीही त्यांनी प्रकाशाचा अभ्यास सोडला नाही.

१८०८ साली ते पॅरिसमध्ये आपल्या घरी कॅल्साइटच्या स्फटिकाचा अभ्यास करीत होते. या स्फटिकातून पाहिले, की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. मावळतीचे ऊन समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकत होते. मालूस यांनी त्या काचांकडे स्फटिकातून पाहिले आणि स्फटिक हळूहळू फिरवला. काय आश्चर्य! आधी एक प्रतिमा मंद झाली, मग दुसरी. थेट सूर्यप्रकाशात असे होत नसे.

दुसरा कोणी असता, तर त्याने ते तिथेच सोडून दिले असते. मालूस यांनी मात्र रात्री मेणबत्ती लावली आणि पाण्यावरून व काचेवरून परावर्तित होणारा तिचा प्रकाश तपासला. ठरावीक कोनातून पाहताच तोच परिणाम दिसला. परावर्तनामुळे प्रकाशात बदल होतो, हे सिद्ध झाले. या बदलाला आपण ध्रुवण म्हणतो. ध्रुवण का होते, याचे खरे कारण मात्र पुढे फ्रेनेल यांनी प्रकाशलहरींच्या आधारे सांगितले.

त्या काळी फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध चालू होते. तरीही लंडनच्या रॉयल सोसायटीने १८१० चे रम्फर्ड पदक शत्रूच्या सैन्यातील या अधिकाऱ्याला दिले. ज्ञानाला सरहद्द नसते, हेच खरे! पण हा मान त्यांना फार काळ लाभला नाही. २४ फेब्रुवारी १८१२ रोजी वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले.

आज अनेक विद्यापीठांत याच गुणधर्मावर संशोधन चालते. गवत आणि माती यांच्यापेक्षा गुळगुळीत धातू व काच यांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात ध्रुवण सहसा अधिक असते. त्यामुळे झाडीत लपवलेले लष्करी वाहन ओळखणारे कॅमेरे बनवता येतात. हाच गुणधर्म वापरून मच्छीमारांचे चष्मेही तयार होतात.

मुलांनो, असा ध्रुवक चष्मा कधी हाती आला, तर पाण्याकडे पाहून तो हळूच फिरवा. लखलखाट कमी-जास्त होताना दिसेल. सूर्याकडे मात्र थेट पाहू नका. डंकर्कच्या त्या मजुराने काय शोधले, ते तुम्हांला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल.