लुधियान्याच्या डॉ. एडिथ ब्राउन

मूल उपजत मेलेले निघाले किंवा आठवड्याच्या आत गेले, की देवाची मर्जी म्हणून डोळे पुसणारी घरे पुष्कळ. असे पुष्कळसे मृत्यू टाळता येतात, हे एका ख्रिस्तसेविकेने सुइणींना हाताशी धरून दाखवून दिले.

एडिथ मेरी ब्राउन यांचा जन्म १८६४ साली इंग्लंडातील व्हाइटहेवन येथे झाला. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शास्त्रविषय शिकून त्या पुढे डॉक्टर झाल्या व १८९१ साली बॅप्टिस्ट झनाना मिशनतर्फे हिंदुस्थानात आल्या.

पंजाबातील शहरांच्या दाट वस्तीत त्यांना जे दिसले, ते फार दुःखाचे होते. पडद्यामुळे स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत. लहान वयात लग्न झालेल्या, अंगात रक्त नसलेल्या मुली दोन-दोन दिवस अडून राहात आणि मूल पोटातच गुदमरे. जे जिवंत जन्मे, त्याची नाळ हाती येईल त्या हत्याराने कापली जाई. मग बाळाचा जबडा मिटे, दूध ओढवेनासे होई. पंजाबात याला आठव्या दिवसाचा रोग म्हणत. आपल्याकडे सटवीला दोष देत. खरे कारण होते मळलेल्या हत्यारातून शिरलेला धनुर्वात.

एकट्या डॉक्टरने हे काम होणारे नव्हते. म्हणून १८९४ साली त्यांनी लुधियान्यात चार विद्यार्थिनींना घेऊन ख्रिस्ती स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. पुढे तेथे इतर धर्मांच्या मुलीही शिकू लागल्या.

पण गरिबांच्या घरी बोलावणे जाई ते सुइणीला. पिढ्यान्पिढ्या हेच काम करणाऱ्या या बायकांना कोणी नावे ठेवी, कोणी हाकलून द्या म्हणे. ब्राउनबाईंनी त्यांची भाकरी काढून घेतली नाही. उलट त्यांना बोलावून शिकवले: हात धुणे, स्वच्छ हत्यार वापरणे, बाई अडली तर वेळीच दवाखान्यात आणणे. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील इब्री सुइणींनी मुले वाचवली, तेच काम लुधियान्याच्या गल्ल्यांत सुरू झाले.

१९३२ साली त्यांना डेम हा किताब मिळाला. १९५६ साली श्रीनगर येथे त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या. त्यांची शाळा आज ख्रिश्चन मेडिकल कॉलेज म्हणून उभी आहे.

नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. तरी शहरांतील झोपडपट्ट्यांत अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, जन्मतः गुदमरलेली बाळे अजून दगावतात. आईचे रक्त व रक्तदाब वेळेवर तपासला गेला, तर यांतली कित्येक वाचतील. आपल्या महिला मंडळातील एखाद्या भगिनीने शेजारच्या वस्तीतील गरोदर बाईला तपासणीला सोबत केली, तर ब्राउनबाईंचे काम तिने पुढे नेले असे होईल.