सनद नसलेला महाराष्ट्राचा शाहीर : अमर शेख

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, शाळाशाळांत मराठी कवींची नावं घेतली जातात. या यादीत आपलंही एखादं नाव आहे का, असं वसई-विरारमधल्या एखाद्या मुस्लिम घरातल्या मुलाने विचारलं तर काय सांगायचं? सांगायला नाव आहे आणि ते मोठं आहे. शाहीर अमर शेख.

त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. घरात गरिबी होती, पण गाणं होतं. आई मुनेरबी यांच्या तोंडची मराठी लोकगीतं ऐकतच ते मोठे झाले. म्हणजे मराठी त्यांना नंतर कुणी शिकवली नाही, ती आईकडूनच मिळाली. आज कुणी आपल्याला कौतुकाने म्हणतं, की तुम्ही मराठी किती छान बोलता, तेव्हा मुनेरबींची आठवण ठेवावी.

पोटासाठी मेहबूबने मोटारीवर क्लीनरचं काम केलं, मग गिरणीत मजुरी केली. गिरणीच्या संपात पुढे राहिल्यामुळे तुरुंग पाहिला. विसापूरच्या तुरुंगात कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि डाव्या विचारांची ओळख झाली. सुटल्यावर काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काढला. पुढे अमर शेख हे नाव पडलं आणि तेच कायमचं झालं.

आता जरा मागे जाऊ, कारण कवीला मोठं कोण ठरवतं, हा प्रश्न जुना आहे. आपल्याकडे हे काम दरबाराचं होतं. बादशाह एखाद्या शायराला मलिक-उश-शुअरा, म्हणजे कवींचा राजा, असा किताब देई. अकबराने १५८८ मध्ये हा मान फैजीला दिला. हेच फैजी पुढे बादशाहाचे वकील म्हणून अहमदनगरच्या निजामशाहीकडे आले होते. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाच्या दरबारात नुस्रती हे दख्खनी भाषेचे मलिक-उश-शुअरा होते. सुलतानाच्या लढायांवर त्यांनी ‘अलीनामा’ लिहिला. मान मोठा, पण अट साधी : ज्याच्या ताटात जेवायचं, त्याची तारीफ करायची.

ही पद्धत मराठी संस्थानांतही होती. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते. कवी यशवंत १९४० मध्ये बडोद्याचे राजकवी झाले आणि महाराज प्रतापसिंह गायकवाड यांच्या राज्याभिषेकावर त्यांनी ‘काव्यकिरीट’ लिहिलं. इंग्लंडमध्ये १६६८ पासून, ड्रायडनपासून, राजकवीचं पद सरकारी झालं. पूर्वी ते मरेपर्यंत असे, १९९९ पासून दहा वर्षांचं केलं. अमेरिकेत संसदेच्या ग्रंथालयाचे प्रमुख कवीची निवड करतात. आपल्या देशात मात्र असं पद नाही. मैथिलीशरण गुप्त यांना लोक राष्ट्रकवी म्हणत. कर्नाटकात सरकारने कुवेंपू यांना १९६४ मध्ये राष्ट्रकवी हा किताब दिला. महाराष्ट्र सरकारने अशी गादी ठेवली नाही.

यशवंत बडोद्याच्या दरबारात होते, त्याच दशकात अमर शेख मुंबईच्या चाळींपुढे डफ घेऊन उभे होते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तिघंही कष्टकरी माणसांसाठी लिहिणारे. अमर शेख यांचा आवाज पहाडी होता. गिरणी कामगार दिवसभर यंत्रांजवळ उभा राहून थकलेला असे. गाणं कंटाळवाणं झालं, तर तो उठून घरी जाई. अमर शेख यांची परीक्षा रोज अशी व्हायची. बादशाह एकदा खूश झाला, की किताब आयुष्यभर टिकतो. इथे कालची वाहवा आज उपयोगी नव्हती.

सरकारची मर्जी तर नव्हतीच. मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. पण गाणी चाळीतल्या माणसांना पाठ झाली होती.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. सभांमध्ये शाहिरांच्या पोवाड्यांना आणि गाण्यांना भाषणांइतकंच महत्त्व होतं. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेख गात. मुंबईत पोटासाठी आलेल्या मजुराची बायको गावी राहते, आणि तसाच महाराष्ट्राचा काही भाग महाराष्ट्राबाहेर राहतो, असा तिचा भाव. तिच्यात बेळगाव-कारवारबरोबर उंबरगावाचंही नाव येतं. पालघरवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. उंबरगाव तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. १ मे १९६० रोजी राज्य झालं, तेव्हा त्या तालुक्याची बरीच गावं गुजरातकडे गेली आणि उरलेल्या गावांचा तलासरी झाला. ज्या सीमेचं दुःख अमर शेख गात होते, ती सीमा आपल्या दारातली होती.

शंभराहून जास्त लोक या लढ्यात मारले गेले. अशा वेळी एका मुस्लिम शाहिराने महाराष्ट्राच्या वतीने गावं आणि लाखोंनी ते आपलंच म्हणून ऐकावं, ही साधी गोष्ट नाही. फाळणीला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. मुसलमानाकडे संशयाने पाहणारे कमी नव्हते. अमर शेख यांनी नावातला शेख लपवला नाही आणि आपण मराठी आहोत याचा पुरावाही देत बसले नाहीत. ते फक्त गायले. शिवाजी महाराजांवर गायले, कामगारांवर गायले, गोवा मुक्तीसाठी गायले. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धातही ते जनतेत गात फिरले.

आचार्य अत्रे यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. या तुलनेत एक धडाही आहे. रशियाच्या मायकोव्हस्कीने १९३० मध्ये स्वतःला गोळी घालून घेतली. पाच वर्षांनी स्टालिनने त्याला त्या काळातला सर्वांत श्रेष्ठ कवी ठरवलं आणि मग तो सरकारी हुकमाने घरोघरी पोहोचला. बांगलादेशने काझी नजरुल इस्लाम यांना १९७२ मध्ये सन्मानाने ढाक्याला नेलं, तेव्हा आजारपणाने त्यांची वाचा जाऊन तीस वर्षं झाली होती. सरकारला कवी आवडतो, पण अनेकदा तो गप्प झाल्यावर.

अमर शेख यांचंही सगळं दरबारमुक्त होतं असं नाही. पक्षाचं व्यासपीठ हाही एक दरबारच असतो. पण त्यांनी त्यापलीकडेही काम केलं. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह लिहिले, ‘पहिला बळी’ हे नाटक लिहिलं, ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिकं चालवली. ‘महात्मा फुले’ आणि ‘प्रपंच’ या चित्रपटांत ते दिसले.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेखही गेले. वय ५२. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख पुढे मराठीतल्या नावाजलेल्या कवयित्री झाल्या. मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचं अध्यासन आहे.

आपली परंपराही काही त्यांच्यापासून सुरू झाली नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि पेशवाईतले शाहीर सगनभाऊ हे त्यांच्या आधीचे. पण लोकशाहीत कवी कसा निवडला जातो, हे अमर शेख यांच्या आयुष्यात स्वच्छ दिसतं. त्याला सनद मिळत नाही, तनखा मिळत नाही, मुदत ठरत नाही. थकलेली माणसं ऐकायला बसून राहतात, तेवढीच त्याची निवड.

येत्या २७ फेब्रुवारीला मुलांना शाळेत बोलायला सांगितलं, तर विषय शोधत बसू नका. बार्शीच्या मुनेरबींच्या लेकाची गोष्ट सांगायला लावा.