फुटबॉलचे गुरु रहीमसाहेब

हिमायतनगरचा हा आपला मुलूख 1956 पर्यंत ज्या हैद्राबाद राज्यांत मोडत असे, त्याच्या राजधानींत 1909 सालीं सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म झाला. पेशानें ते शिक्षक. म्हणूनच कीं काय, खेळाडूंसहि ते विद्यार्थ्यांप्रमाणें घडवीत. 1950 पासून हैद्राबाद शहर पोलिसांच्या फुटबॉल-संघाची धुरा त्यांनीं वाहिली. त्या संघानें मुंबईस जाऊन रोव्हर्स चषक 1950 ते 1954 असा लागोपाठ पांच वेळां जिंकला. फुटबॉल म्हणजे बंगाल, हा समज ढळला व हैद्राबादकरांची मान उंचावली.

1 नोव्हेंबर 1956 रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्याच सुमारास, 1956-57 च्या संतोष चषकाच्या अंतिम सामन्यांत, रहीमसाहेबांच्या हैद्राबादनें मुंबईसच हरविलें! इकडील शौकिनांनीं जयजयकार करावा तरी कोणाचा? पेंच अवघड खरा. पण आमच्या मतें जुन्या राजधानीचें कौतुक करण्यांत कांहीं द्रोह नव्हता.

1962 सालीं जाकार्ता येथें, भारताविरुद्ध ओरडणाऱ्या प्रचंड समुदायापुढें, बंगालचे चुनी गोस्वामी, पंजाबचे जर्नैल सिंग, हैद्राबादचे बलराम असे त्यांचे शिष्य एकदिलानें खेळले आणि दक्षिण कोरियास 2-1 असें नमवून त्यांनीं आशियाई सुवर्णपदक मिळविलें. वर्ष सरण्यापूर्वींच, 11 जून 1963 रोजीं, कर्करोगानें रहीमसाहेबांचें देहावसान झालें.