कलाचार्य जॉन रस्किन

जॉन रस्किन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८१९ रोजी लंडन येथे झाला. बालपणी आई त्यांच्याकडून दररोज पवित्र शास्त्राचे वाचन करवून घेत असे.

१८६९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठात ललितकलेचे पहिले स्लेड प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली. केवळ व्याख्याने ऐकून कला उमगत नाही. पान, पीस वा पाषाण स्वहस्ते रेखाटल्यावाचून तो खऱ्या अर्थाने दिसतच नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून १८७१ साली त्यांनी तेथे चित्रशाळा स्थापिली, रेखाटन-शिक्षकाच्या पदासाठी पदरचे ५,००० पौंड दिले आणि अभ्यासासाठी आपल्या संग्रहातील चित्रे अर्पण केली. व्यावसायिक चित्रकार नव्हे, तर डोळस माणसे घडविणे हा त्यांचा हेतू होता. १८७४ साली त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कुदळ-फावडी देऊन हिंक्सी गावाचा रस्ता बांधण्यास लावले.

मध्यंतरी सोडलेले प्राध्यापकपद त्यांनी १८८३ साली पुन्हा स्वीकारले. परंतु १८८५ साली जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीच्या प्रयोगांना विद्यापीठाने पाठबळ देताच, विवेकाला स्मरून त्यांनी त्या मानाच्या पदाचा त्याग केला. सृष्टीकडे प्रेमाने पाहण्यास शिकविणाऱ्या गुरूला त्या सृष्टीच्या वेदनेकडे पाठ फिरविणे शक्य नव्हते.

२० जानेवारी १९०० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची ती शाळा आजही ऑक्सफर्डमध्ये उभी आहे.